धोंडूतात्यांचा हाकारा

"पान्याखाली हाक मारता येत न्हाई," एवढं एक वाक्य धोंडूतात्या शेडगे नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगत आणि मग बराच वेळ गप्प बसत. समोरच्यांना वाटे, आता पुढचं काही येईल. ते येत नसे. तात्या उपड्या बादलीवर बसलेले, अंगात एप्रिलातही तपकिरी स्वेटर, मांडीवर पांढरा रुमाल पसरलेला आणि त्यावर रबराची एक बारीक रिंग. डोळ्याला भिंग लावून ते ती रिंग बोटांत फिरवत राहत. पाच मिनिटं, कधी दहा. हिंजवडीहून भल्या सकाळी आलेली मंडळी घड्याळं बघायला लागत. मग कोणीतरी विचारी, "तात्या, सुरू करायचं का?"

तात्या मान वर न करता म्हणत, "सुरूच हाय."

मुळशी धरणाच्या रस्त्यानं पौड सोडलं की आत एका शेतघराच्या मागे जुनी दगडखाण आहे. खाण बंद पडली, पाणी साठत गेलं, आता ते चार मजले तरी खोल असेल. तिथे दर रविवारी आमचा छोटासा क्लब स्कूबा शिकवायचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला. प्रशिक्षक पुण्याहून यायचे. सामान मात्र तात्यांच्या ताब्यात असायचं, आणि तात्यांनी हात लावून सोडल्याशिवाय कोणाचाही पाय पाण्यात पडत नसे.

मी हिंजवडीजवळ मारुंजीत राहते आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता त्या सांगायच्या. घर ते ऑफिस अंतर चार किलोमीटर, कॅबमध्ये कधी तास लागतो, कधी जास्त. क्लबात मी नाव घातलं त्याला साहसाबिहसाचं कारण नव्हतं. पाण्याखाली फोन लागत नाही, एवढंच कारण होतं. हे मी एकदा तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं हाय. पर वर यायची आठवण ठेवा."

त्यांची सगळी हकिगत मला माहीत नाही. धरणाच्या काठावरच्या एका गावचे. थोडी भातशेती, घरी बायको, सरूकाकू. तरुणपणी एका ठेकेदाराकडे धरणांचे दरवाजे पाण्याखाली जाऊन साफ करायचं काम केलं, मग कुठकुठल्या बंदरांवर. त्या कामात डावा कान गेला, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे. धोंडू हे नाव कसं, तर त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. "आई म्हनली, धोंडा म्हनू याला, धोंडा कोन उचलून नेतोय? आन् नशिबानं काम बी बुडायचंच दिलं." हे सांगताना ते हसत नसत. त्यांच्या विनोदालाही दमल्याचा वास असे. एकच गोष्ट शंभरदा सांगितलेल्या माणसाचा असतो तो वास.

ती एक गोष्ट म्हणजे हाकारा.

मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र. समुद्रात माणूस वाहून गेला, की पाण्यावर येऊन त्यानं यंत्राची पट्टीसारखी एरियल उभी करायची आणि बटण दाबायचं. मग ते उपग्रहाला कळवतं, उपग्रहाकडून बचाव केंद्राला कळतं, आणि शोधायला माणसं निघतात. सगळे त्याला बीकन म्हणतात. तात्या हाकारा म्हणत. रानात चुकलेल्याला लोक डोंगरावरून मोठ्यानं साद घालतात, तो हाकारा. आमची बहुतेक मंडळी खाणीत शिकून पुढे समुद्रावर जायची, त्यामुळे प्रत्येकानं हाकारा घ्यावा आणि तो नीट बाळगायला शिकावं, याचा तात्यांनी ध्यास घेतला होता. शिकवण्याची जबाबदारी खरं तर त्यांची नव्हती. पण प्रशिक्षकांनी पाच मिनिटांत उरकलेला विषय तात्या पाच रविवार पुरवत.

पराग आमच्याच बॅचमधला. एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, चपळ, बोलका, सगळ्या सामानाचं सगळ्यात नवं मॉडेल त्याच्याकडे. हाकारा विकत घेऊन आला आणि तसाच डायव्हिंगच्या जॅकेटच्या खिशात टाकून पाण्याकडे निघाला.

"हितं या," तात्या म्हणाले. "खिशात काय हाय?"

"बीकन. वॉटरप्रूफ आहे तात्या, बॉक्सवर लिहिलंय."

तात्यांनी आपल्या पिशवीतून तसंच एक यंत्र काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. वरून छान पिवळं होतं. परागनं झाकण उघडलं तर आत बॅटरीवर हिरवट बुरा चढलेला, तारा गंजून एकमेकींना चिकटलेल्या.

"हे बी वाटरप्रूफच व्हतं," तात्या म्हणाले. "पान्यात पडनं येगळं, पान्याखाली जानं येगळं. खाली गेलं की पानी दाबतं. तुमच्या कानाला दाबतं तसं यालाबी दाबतं. कान दुखतो म्हनून तुमाला कळतं, याला कुटं दुखतंय?"

मग त्यांनी डबी दाखवली. जाड भिंतीची, दाब सोसणारी, झाकणाला ती रबराची रिंग. हाकारा त्या डबीत ठेवूनच खाली न्यायचा. रिंगेवर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस राहिला तरी पाणी वाट काढतं, म्हणून भिंग. रिंगेला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस. झाकण किनाऱ्यावर, कोरड्या हातांनी लावायचं. मग बंद डबी पाण्याच्या बादलीत दाबून धरायची आणि बुडबुडा येतो का बघत राहायचं. डबी जॅकेटला पुढच्या बाजूला, दोन्ही हात पोचतील अशा जागी आकड्यानं अडकवायची. पाठीवर नको, लोंबकळत नको, नाहीतर खडकात गुंतते. आणि सगळ्यात शेवटी दोरी. हाकारा आतून डबीला बांधलेला, डबीच्या बाहेरच्या कडीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक माणसाला.

"डबी उघडायची ती पान्यावर आल्यावर. आन् उघडायच्या आधी दोरी जाकिटाला. आधी काय?"

"दोरी," आम्ही म्हणायचो, कंटाळलेल्या शाळकरी पोरांसारखे.

"सांगून सांगून जीभ झिजली माजी," तात्या म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

परागनं मुकाट्यानं डबी घेतली, यंत्राची रीतसर नोंदणी केली. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, या रकान्यात त्यानं तात्यांचा नंबर दिला. बायको उगाच घाबरेल, म्हणाला. त्यातून पुढे एक भानगड झाली.

भातलावणीचे दिवस होते. तात्या गुडघाभर चिखलात उभे असताना बचाव केंद्रातून फोन आला. अमुक यंत्र सुरू झालं आहे, तुमचा माणूस समुद्रावर गेला आहे का?

"न्हाई सायेब, माणूस मारुंजीत ऱ्हातो. समुद्र हितनं लई लांब हाय."

तिकडचे म्हणाले, यंत्राची जागाही पुण्याजवळचीच दिसते आहे, पण खात्री करून सांगा. तात्यांनी परागला फोन लावला. चार वेळा लावला. पराग मीटिंगमध्ये. आता दुसरा कोणी असता तर चुकून चालू झालं असेल म्हणून मोकळा झाला असता. तात्यांचा एक नियम होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कोणालाही सुखरूप म्हणत नसत. ते तसेच, पोटऱ्यांवर चिखल, मोटारसायकलवर बसले आणि पौड, पिरंगुट, हिंजवडी असं सगळं ट्रॅफिक कापत परागच्या सोसायटीच्या गेटवर येऊन थडकले. तिथला वॉचमन बिहारकडचा. तो म्हणाला, पहिले ॲप पे एंट्री होगी.

"अरे बाबा, उपर दसवे मजले पे आदमी बुडतोय!"

वॉचमननं वर बघितलं. मग तात्यांच्या पायांकडे बघितलं. "कौन डूब रहा है? कहाँ?"

शेवटी सेक्रेटरी आले, तात्या वर गेले, सफाईला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं. परागचं सामान बाल्कनीत वाळत घातलेलं होतं. बाईंनी पिवळं यंत्र रेडिओ समजून एरियल ओढून पाहिली होती, बटण दाबून पाहिलं होतं, आणि गाणं लागत नाही म्हणून पुन्हा कठड्यावर ठेवून दिलं होतं.  तात्यांनी यंत्र बंद केलं, केंद्राला कळवलं, आणि ते जिन्याच्या पायरीवर बसून परागची वाट बघत राहिले.

मी त्याच सोसायटीच्या मागच्या गल्लीत राहते. परागचा घाबराघुबरा फोन आला म्हणून मीही पोचले. पराग आला तो म्हणाला, "सॉरी तात्या. पण बंद झालंय ना आता? मग विषय संपला."

"विषय संपला न्हाई. तितं फोन करा आन् तुमच्या तोंडानं सांगा चूक झाली म्हनून."

"तुम्ही सांगितलंय ना?"

"मी सांगितलं ते माझं. तितं कोनतरी हातातला घास ठेवून बसलं व्हतं तुमच्यासाठी. त्याला नको कळायला, की माणूस जिता हाय?"

परागनं फोन केला. पलीकडचा माणूस म्हणे अगदी सौजन्यानं बोलला. परागनं फोन ठेवला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी तात्यांना चहाला घरी चला म्हटलं, तर म्हणाले, "लावनी अर्धी ऱ्हायलीय," आणि गेले. संध्याकाळच्या कॅबांच्या रांगेत त्यांची ती चिखलानं भरलेली मोटारसायकल बराच वेळ एका जागी उभी दिसत होती.

एवढं का, हे मला त्यानंतर दोनेक महिन्यांनी कळलं. रविवारची दुपार, बाकीची मंडळी जेवायला वर गेलेली. खाणीच्या काठावर तात्या भाकरीवर ठेचा घेऊन बसले होते आणि मी त्यांच्या उजवीकडे. मी सहज विचारलं, ते गंजलेलं यंत्र कोणाचं?

"ते असंच, एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेलं." थोड्या वेळानं म्हणाले, "चांगलं यंत्र मी आईला देऊन आलो. इस्माईलच्या."

इस्माईल रत्नागिरीकडचा. बंदरावरची कामं सुटल्यावर तात्या आणि तो मिळून एका डायव्हिंगच्या दुकानात लागले होते, पर्यटकांना समुद्रात घेऊन जायला. मालकानं नवा हाकारा आणला होता. महागाचा. डबी आणली नव्हती. मालक म्हणाला, खाली नेऊ नका, खराब होईल. म्हणून इस्माईल तो हाकारा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोटीवर आपल्या पिशवीत ठेवायचा. एक दिवस सुटलेला नांगर शोधायला इस्माईल एकटाच उतरला. खाली प्रवाह होता. तो वर आला असणार, कुठेतरी लांब, कारण तात्यांना एकदा शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली.

"पर कुटनं आली ते कळंना. एका कानानं दिशा कळत न्हाई, ताई."

तीन दिवस शोधलं. मग तात्या त्याची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेले. इस्माईलच्या आईनं पिशवीतली एकेक वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. टॉवेल, चप्पल, डबा. मग प्लास्टिक सोडलं तर आतून ते पिवळं यंत्र निघालं. नवंकोरं. तिनं विचारलं, हे काय आहे बाबा?

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मी म्हनलो, बॅटरी हाय, अंधारात लावायची."

पाण्यावर एक खंड्या येऊन गेला. वरून कोणीतरी हाक मारली, ती तात्यांना ऐकू आली नाही. मी उठून गेले. त्या दिवसानंतर आधी काय, असं त्यांनी विचारलं की मी सगळ्यांत आधी आणि स्पष्ट उत्तर द्यायचे.

दिवाळी झाली आणि क्लबाची दक्षिण कोकणात सहल ठरली. तात्यांना यायचं नव्हतं. साठी उलटली होती, उजव्या कानातही दडे बसायला लागले होते. सरूकाकू फोनवर मला म्हणाल्या, "तुमी तरी सांगा त्यास्नी, आता पुरं म्हना." मी सांगितलं नाही. ते बरोबर असले की आम्हांला बरं वाटे, हे खरं कारण.

सकाळी बोट निघाली. समुद्र वरून शांत दिसत होता पण आतून लांबलचक लाटा येत होत्या. पहिली तुकडी उतरून वर आली आणि उलट्या करून आडवी झाली. दुसऱ्या फेरीला पराग, मी आणि तात्या. तात्यांनी सकाळपासून सगळ्यांच्या डब्या तपासल्या होत्या. परागच्या रिंगेवर त्यांना बारीक चीर दिसली, ती बदलली, हलत्या बोटीत बादली गुडघ्यांत धरून बुडबुडे बघितले. मला दोनदा विचारलं, दोरी? मग बोटवाल्यानं त्यांना काहीतरी विचारायला हाक मारली. ते उठले, त्याच्याशी बोलले, तसेच कडेला येऊन बसले आणि आम्ही तिघं पाण्यात पडलो.

खाली काही दिसत नव्हतं. दहा-बारा मिनिटांतच प्रवाह आम्हांला ओढायला लागला. तात्यांनी वर चला अशी खूण केली. आम्ही नियमानं, थांबत थांबत, पाण्यावर आलो. बोट लांब होती. माझ्या कल्पनेपेक्षा फार लांब. नंतर कळलं, नांगराचा दोर पंख्यात गुंतून इंजिन बंद पडलं होतं. आम्ही नारिंगी फुगा उभा केला, शिट्ट्या मारल्या. लाटेवर चढलो की बोट दिसायची, उतरलो की नाही. दर वेळी ती थोडी लहान झालेली असायची. आणि मग दिसेनाशी झाली.

तेव्हा तात्यांचा हात आपल्या जॅकेटवर गेला, छातीच्या डाव्या बाजूला. त्यांची डबी कायम तिथे असायची. आकडा होता. डबी नव्हती. त्यांचा हात तिथेच राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. कदाचित दोन सेकंदच असतील. मी त्यांचा चेहरा बघितला आणि दुसरीकडे बघितलं.

"परागराव," तात्या म्हणाले, "तुमचा हाकारा काढा."

 पराग लगेच झाकणाला भिडला.

"आधी काय?"

"तात्या, प्लीज—"

"आधी काय?"

"दोरी," पराग म्हणाला. डबीच्या बाहेरच्या कडीला लावलेल्या दोरीचं टोक त्यानं जॅकेटच्या कडीत अडकवलं. मग झाकण उघडलं. नेमकी त्याच वेळी लाट आमच्या डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी गेलेला पराग खोकत वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात रिकामे होते. यंत्र डबीसकट दोरीला लोंबकळत पाण्यात होतं. तात्यांनी दोरी ओढून ते वर घेतलं, एरियल उभी केली, बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. माझा हाकारा त्यांनी डबीतच राहू दिला, पहिल्याची बॅटरी संपली तर म्हणून.

त्यानंतर काही घडलं नाही. हे सांगायला सोपं आहे. जवळजवळ अडीच तास काही घडलं नाही. एरियल पाण्याबाहेर, आकाशाकडे धरायची, म्हणून आम्ही आळीपाळीनं हात वर धरत होतो. माझा खांदा आधी दुखला, मग जड झाला, मग तो माझा राहिलाच नाही. तात्यांनी आम्हां दोघांचे दंड आपल्या दंडांत अडकवून ठेवले होते. परागनं पुन्हा शिट्टी तोंडात घातली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. दम राखा." मला झोप येत होती. भीती कधीच मागे पडली होती, नुसती झोप येत होती. तात्या दर थोड्या वेळानं विचारत, "ताई, घरी काय भाजी केलीय?" मी एकदा वांगी म्हणाले, एकदा बटाटा. ते दोन्ही वेळा म्हणाले, "बरं."

मासे धरायला निघालेल्या एका बोटीला किनाऱ्यावरून आमची जागा कळवली गेली होती. ती वळून आली. बोटीवरच्या माणसांनी आम्हांला काखेत हात घालून वर ओढलं, घोंगड्या दिल्या, गूळ घातलेला काळा चहा दिला. पराग चहा पिता पिता रडायला लागला. तात्यांनी चहा घेतला नाही. त्यांनी गोडं पाणी मागितलं आणि परागचं यंत्र त्या पाण्यानं धुऊन काढलं.

बंदरावर आमची बोट ओढून आणलेली होती. इंजिनाच्या पेटीवर तात्यांचा रुमाल घडी घातलेला आणि त्यावर त्यांची डबी, कोरडी ठाक. तात्या बोटीत चढले, डबीसमोर बसले. त्यांना उठवायला आम्ही कोणी गेलो नाही.

क्लबानं त्यांचा सत्कार ठरवला. हिंजवडीतल्या एका हॉटेलचा हॉल, शाल, श्रीफळ, मागे तात्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स. पराग भाषणात म्हणाला, तात्या होते म्हणून आम्ही आज आहोत. टाळ्या झाल्या. तात्या इस्त्रीच्या शर्टात, वर तोच स्वेटर, उभे राहिले. माईक त्यांनी तोंडापासून फार लांब धरला होता, त्यामुळे सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागलं.

"हा सत्कार चुकीच्या माणसाचा चाललाय. त्या दिशी माझा हाकारा माझ्यापाशी नव्हता. बोटीवर ऱ्हायला. मी इसरलो."

 परागनं पटकन उठून त्यांचा हात धरला. "तात्या, असं काय बोलता! तुम्ही नसता तर—"

"मी नसतो तर तुमी उतरलाच नसता," तात्या म्हणाले. मग बाकीच्यांकडे बघून, "सगळ्यांचं तपासलं. माझं तपासायला कोन नव्हतं. मीच ठेवला न्हाई. वाटायचं, मला काय लागतंय. तर हितनं पुढं जो तपासतो, त्याला बी दुसऱ्यानं तपासायचं. एवढंच सांगायला आलो. आन् माझं आता झालं. दमलो मी."

त्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. जेवायला थांबले नाहीत. मी त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. म्हटलं, "तात्या, विसरतो माणूस."

"इसरतो," ते म्हणाले. "इस्माईलच्या मालकाला मी लई शिव्या घातल्या व्हत्या, ताई. त्याच्या दारात उभं राहून." लिफ्ट आली. दार लागेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते, पण बघत होते असं म्हणता येणार नाही.

पुन्हा ते खाणीवर आले नाहीत. सामानाची जबाबदारी हळूहळू माझ्याकडे आली. मला चुका शोधायची सवय आहे असं सगळ्यांचं म्हणणं. आता बादलीवर मी बसते, रिंगा मी बघते, आणि नवी माणसं माझ्याकडे बघून घड्याळं बघतात. सगळ्यांचं झालं की मी उभी राहते आणि पराग माझी डबी, माझा आकडा, माझी दोरी तपासतो. 

पुढच्या श्रावणात तात्यांना कावीळ झाली आणि त्यातून ते उठले नाहीत. सरूकाकूंनी फोन केला तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, उन्हाळ्यात, पौडला. बाजाराचा दिवस होता, खाणीवरून परतताना आमची गाडी गर्दीत अडकली. समोर गावाकडे जाणारी जीप भरत होती. मागच्या बाकावर, अगदी कडेला, तात्या बसले होते. मांडीवर पिशवी, तिच्यातून मेथीच्या जुड्यांची टोकं बाहेर आलेली. स्वेटर नव्हता, पांढऱ्या सदऱ्यात ते फार बारीक दिसत होते. मी काच खाली करून हाक मारली. माझी बाजू त्यांच्या डाव्या कानाची होती, आणि उजव्यानंही आता फारसं ऐकू येत नाही असं मी ऐकून होते. मी उतरणार तेवढ्यात मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले.

ड्रायव्हर अजून दोन माणसं मिळतात का म्हणून ओरडत होता. ती दोन माणसं कोंबली जाईपर्यंत तात्यांचा डोळा लागला. मान आधी पुढे कलली, मग बाजूला, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर टेकली. तो शेजारी त्यांच्या ओळखीचा नव्हता बहुतेक. तिशीतला, मजुरी करणारा, कपड्यांवर सिमेंटचे डाग. त्यानं एकदा खाली त्या पिकल्या डोक्याकडे बघितलं. त्याचा एक हात वरच्या दांड्याला होता, तो खाली घ्यायचा तर खांदा हलला असता. त्यानं हात तसाच वर राहू दिला. जीप हिसका देऊन निघाली, आणि वळणापर्यंत मला दिसत होतं, त्यानं हात खाली घेतला नव्हता.